मदत हवी आहे: लेकीच्या पाठीला 'सानफू'चे लेप लावावेत का? (आणि सासूबाईंचा छिगोंग)

नमस्कार मंडळी,

आम्ही शांघायला राहतो. लेक सात वर्षांची. दर हिवाळ्यात सर्दी छातीत उतरते, श्वास घेताना शिट्टी वाजते, इनहेलर लागतो. उन्हाळ्यात एकदम ठणठणीत. आणि ती ठणठणीत असतानाच शेजारच्या आजी मागे लागल्यात की हिला लेप लावून आण, हीच वेळ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा होतो. त्यानंतर जुन्या चिनी पंचांगातला तिसरा 'गंग' दिवस आला (हा दर दहा दिवसांनी येतो) की सानफू लागतो. जुलैच्या मध्यापासून तीस किंवा चाळीस दिवस, तीन टप्प्यांत. वर्षातला सर्वांत दमट, घुसमटवणारा काळ. प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या दिवशी चिनी वैद्यकाच्या दवाखान्यांत ही गर्दी! हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात उपटायचं, असा हिशोब. या दिवसांत शरीरातला 'यांग' (उष्ण, सक्रिय शक्ती) जोरात असतो, रंध्रं मोकळी असतात, म्हणून आत मुरलेली थंडी आत्ताच निघते म्हणतात. पांढरी मोहरी, शीशिन (एक चिनी औषधी वनस्पती) वगैरेंची पूड आल्याच्या रसात कालवून मानेच्या मणक्याखाली आणि पाठीवर चिनी वैद्यक मानतं त्या फुप्फुसांच्या बिंदूंवर चिकटवतात. सलग तीन उन्हाळे करायचं.

मला विचारायचंय ते असं:

इथे कोणी आपल्या मुलांना हे लेप लावलेत का? फोड येतात असं ऐकलंय. आजी म्हणतात फोड आले तर उत्तमच, औषध लागू पडलं. मला ते काही पटत नाही.

दुसरं, सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. सकाळी बागेतल्या बायकांबरोबर बादुआनजिन करतात (छिगोंग म्हणजे श्वासासोबत सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, त्यातलाच हा आठ प्रकारांचा संच). भाषा शून्य, पण मैत्री झकास. त्यातला पाचवा प्रकार, डोकं आणि कंबर घुमवून 'हृदयाची आग' घालवायचा, उन्हाळ्यासाठी खास म्हणे. त्यात घोड्यावर बसल्यासारखं खाली बसावं लागतं. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. करू द्यावं का?

आणि आलं! इथे म्हण आहे, हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याची गरज नाही. सासूबाईंच्या मते उन्हाळ्यात आलं म्हणजे आगीत तेल. रोज सकाळी स्वयंपाकघरात यावरून परिषद भरते.

जाणकारांनी कृपया सांगा.

*

कडूकारलं: लेपाबद्दल. मी बीजिंगला असताना स्वतः लावून घेतले आहेत, मुलाला नाही. राईचा लेप जास्त वेळ ठेवला की कातडी भाजते ना, तसंच हे. फोड म्हणजे भाजणंच, त्यात गुण शोधू नये. मोठ्यांना काही तास ठेवतात, लहानांना बरंच कमी, आणि आग व्हायला लागली की ताबडतोब काढायचा. ताप, छातीत संसर्ग, नाजूक किंवा ॲलर्जीची कातडी असेल तर लावत नाहीत. ऑनलाइन मिळणारी तयार पाकिटं अजिबात नकोत. शीशिनच्या कुळातल्या वनस्पतींत मूत्रपिंडाला घातक ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं. लावायचंच असेल तर रुग्णालयातच, आणि तिच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचारून. इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

निवांत_नारायण: सासूबाईंना पाचवा प्रकार उंच उभं राहूनच करू द्या, गुडघे जेमतेम वाकवून. डोकं खाली नेऊन गरागरा फिरवायचं नाही, बीपीवाल्यांना चक्कर येते. त्यापेक्षा सहा ध्वनींच्या श्वासातला (छिगोंगचाच प्रकार, श्वास सोडताना एकेका अवयवासाठी एकेक ध्वनी) हृदयाचा 'हऽऽ' शिकवा. खुर्चीत बसून, सावकाश श्वास सोडत, जोर न लावता. बादुआनजिन आणि सहा ध्वनी, दोन्ही चीनच्या सरकारी क्रीडा विभागाने प्रमाणित केलेल्या प्रकारांत आहेत, बागेत कोणीतरी नक्की शिकवेल. फक्त ऊन चढायच्या आत घरी. पाणी सोबत.

सुंठवडा: परिषदेत दोघींचंही बरोबर आहे! सासूबाई ग्रीष्माबद्दल बोलतायत, तेव्हा तिखट-आंबट-खारट कमी करायला आपल्याकडे सांगतातच. पण सानफू येतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो म्हणून आपणही सुंठ-आलं घेतोच की. शांघायला तेव्हा ऊन असतं हा घोळ आहे खरा. चिनी तर्कही जवळचाच आहे: बाहेर उष्णता, पोट मात्र गार, त्यात बर्फाचं कलिंगड. सकाळी चहात आलं आणि दुपारी हिरव्या मुगाचं पाणी, असा तह करा.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. लेपाचं या वर्षी थांबवते, आधी लेकीच्या डॉक्टरांना विचारते. सासूबाईंना 'हऽऽ' फार आवडला. @सुंठवडा, मुगाचं पाणी सालासकट मुगाचंच ना? आणि साखर घालायची की गूळ?

सुंठवडा: सालासकटच, गार करण्याचा गुण सालात असतो असं इथले लोक मानतात. इथे खडीसाखर घालतात. गूळ घातलात तर मला कळवू नका, चव घ्यायला येईन!