बायको ओढते, मला सोडायची आहे

ठाणेकर:
आम्ही दोघे रात्रपाळीच्या नोकरीत भेटलो आणि सिगारेटही बरोबरीनेच ओढू लागलो; त्याला आता १४ वर्षे झाली. मी १९ दिवसांपूर्वी सोडली. पहिले तीन दिवस झोप नव्हती, चिडचिड होती, पण ते निभावले. खरी अडचण रात्री साडेनऊला येते. जेवण उरकून ती गॅलरीत जाते, काडी ओढल्याचा आवाज येतो आणि मी आत बसून त्या दाराकडे पाहत राहतो. वासाने तलफ येतेच. पण त्याहून जास्त खटकते ते हे, की दिवसभरात आमचे जे काही धड बोलणे व्हायचे, ते त्या दहा मिनिटांतच व्हायचे. तिला सोडायची नाही, हे तिने स्पष्ट सांगितले आहे आणि मला जबरदस्ती करायची नाही. शनिवारी मात्र तिच्या हातातली घेऊन दोन झुरके मारले. अशा घरात राहून ज्यांनी सोडली, त्यांनी काय केले?

सहा वर्षे झाली:
माझे यजमान आजही ओढतात. ‘तुम्हीही सोडा’ हे पालुपद मी दुसऱ्याच आठवड्यात बंद केले, कारण त्या वादानंतर मलाच तलफ यायची. त्याऐवजी एवढेच मागितले, की पाकीट आणि लायटर त्यांच्या ऑफिसच्या बॅगेतच राहावे, ओढायची ती इमारतीखाली जाऊन, आणि मी कितीही गयावया केली तरी मला एकही देऊ नये. ही शेवटची अट त्यांना सर्वांत जड गेली. मी चिडले की मला शांत करायला तेच पाकीट पुढे करायचे. गॅलरीतला ॲशट्रे मी काढून टाकला, तेव्हा त्यांनी चार दिवस तुळशीच्या कुंडीत राख झाडली. त्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही.

दंतवैद्य:
दोन झुरक्यांनी १९ दिवस वाया जात नाहीत, पण साडेनऊची वेळ ठाऊक असताना बेसावध राहू नका. निकोटिनचा गम डॉक्टरांना विचारून घेत असाल, तर तो सव्वानऊलाच तोंडात असू द्या. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. तिखटसर चव आली की गालाशी धरून ठेवावा, चव ओसरली की पुन्हा चावावा, असे अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटे चहा-कॉफी नको, कारण तोंडातल्या आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. कॉफी तशीही निम्मी करा: सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा लवकर करते, त्यामुळे सोडल्यावर तेवढीच कॉफी जास्त चढते, आणि तिने होणारी धडधड आपण सिगारेटच्या नावावर टाकतो. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशकही मिळतो.

ठाणेकर:
दोघांचे आभार. काल तिच्याशी बोललो. मला एकही द्यायची नाही, हे तिने लगेच मान्य केले. शनिवारचे तिलाही लागले होते, असे दिसते. इमारतीखाली जाऊन ओढायला मात्र ती नाखूश आहे, कारण कोपऱ्यावर उभ्या बाईकडे लोक कसे पाहतात हे तिला ठाऊक आहे, आणि त्यात तिचे चुकतेय असे मला वाटत नाही. म्हणून ती जेवणाआधी एकटीच गॅलरीत ओढून घेते, हात-तोंड धुते, आणि साडेनऊला आम्ही तिथे नुसते बसतो. काल पाऊण तास बसलो. मी तोंडात गम धरून होतो, त्यामुळे बोलणे तिनेच केले.