नवा सेफ्टी व्हॉल्व्ह पंधरा दिवसांत गळतोय, उघडताना खडखडतोय. स्प्रिंग आवळायची का?

स्टीम_लाइन

नमस्कार मंडळी. स्टीम हेडरवर, म्हणजे वाफ वाटणाऱ्या मुख्य पाइपावर, स्प्रिंगचा साधा (बेलोज, म्हणजे आउटलेटचं प्रेशर स्प्रिंगच्या बाजूला पोचू न देणारी घडीची लवचिक नळी, नसलेला) सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलाय, इनलेट २ इंच, आउटलेट ३ इंच. सेट प्रेशर (ज्याला व्हॉल्व्ह उघडतो) १० बार, हेडरचा डिझाइन प्रेशर १२ बार, रोजचं चालू प्रेशर ९.५ बार. बसवून पंधरा दिवस होत नाहीत तोच बारीक वाफ सतत निसटायला लागली. आउटलेटच्या पाइपाला हात लावता येत नाही इतका तो तापलेला असतो. प्रेशर वाढून व्हॉल्व्ह खरोखर उडाला तेव्हा एका झटक्यात उघडून वाहिला नाही, खडखडत राहिला, आणि बंद व्हायलाही फार वेळ लागला.

मांडणी अशी आहे: हेडरवरच्या टीपासून दीड इंची पाइप, साधारण दीड मीटर लांब, मध्ये दोन एल्बो, वरच्या टोकाला २ इंचाचा रिड्यूसर आणि त्यावर व्हॉल्व्ह. आउटलेट आणखी दोन व्हॉल्व्हसोबत एकाच कॉमन पाइपात सोडलंय. फिटरचं म्हणणं आहे की टोपण काढून स्प्रिंग अर्धा फेरा आवळली की गळती थांबेल. आवळावी का? नाहीतर नेमकं काय बदलायचं?

दाबाचं_गणित

स्प्रिंगला हात लावू नका. अर्ध्या फेऱ्याने सेट प्रेशर किती वाढलं हे हेडरपाशी उभं राहून कुणालाही सांगता येणार नाही. सील तोडलं त्या क्षणापासून नेमप्लेटवरचा १० हा आकडा विश्वासाचा राहत नाही. आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून व्हॉल्व्हमध्ये मुळात दोष होता असं दिसतच नाही.

आधी गळतीचं बघू. स्प्रिंग डिस्कला (वाफेची वाट झाकणारी चकती) १०० किलोने खाली दाबत असेल, तर ९.५ बारची वाफ तिला खालून ९५ किलोने वर ढकलते. सीटवर, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या कडेवर, उरला ५ किलोचा दाब. एवढ्यावर धातूची सीट घट्ट बसत नाही. लाइनमध्ये थोडी थरथर झाली, कुठे एखादा कंट्रोल व्हॉल्व्ह पटकन बंद झाला, की डिस्क केसभर उचलली जाते आणि वाफ फुसफुसते. ही बारीक वाफच सीटवर चर कापते. एकदा चर पडली की मग प्रेशर ८ वर आणलंत तरी गळती थांबत नाही. म्हणून चालू प्रेशर सेटपेक्षा निदान १० टक्के खाली ठेवतात, तुमच्या बाबतीत ९ बारच्या आत.

बंद व्हायला वेळ का लागला, तेही याच आकड्यांत आहे. १० ला उघडलेला व्हॉल्व्ह १० ला बंद होत नाही. उघडण्या-बंद होण्यातल्या या फरकाला ब्लोडाउन म्हणतात, तो ७ टक्के धरला तर तो ९.३ ला बसतो. तुमची लाइन चालते ९.५ वर! म्हणजे प्रेशर वाढण्याचं मूळ कारण संपलं तरी व्हॉल्व्ह वाहतच राहणार, जोवर कुणी बॉयलरचं फायरिंग कमी करून प्रेशर ९.३ खाली आणत नाही तोवर.

आता खडखड, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. व्हॉल्व्ह बंद असताना वाफ वाहत नाही, म्हणून त्याच्या तोंडाशी हेडरइतकंच प्रेशर असतं, १० बार. तो उघडतो, दीड इंची पाइपातून वाफ धावते, आणि घर्षणात समजा १ बार खर्च होतो. व्हॉल्व्हला तोंडाशी ९ बारच जाणवतात. ९ म्हणजे ९.३ च्या खाली, म्हणून तो लगेच बसतो. प्रवाह थांबला की पुन्हा १०, पुन्हा उघडतो. हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं. डिस्क नोझलवर हातोड्यासारखी आपटते, गाइड घासतात, स्प्रिंग तुटू शकते, फ्लॅंजचे बोल्ट सैल होतात. शिवाय अर्धा वेळ व्हॉल्व्ह बंदच असतो, म्हणून नेमप्लेटवर लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात मिळत नाही.

म्हणूनच एपीआय ५२० (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक) मध्ये इनलेटच्या पाइपातला घर्षणाचा घट सेट प्रेशरच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. तुमच्यासाठी तो ०.३ बार होतो. मोजताना व्हॉल्व्हची पूर्ण क्षमता धरायची, तुम्हाला लागणारा प्रवाह धरायचा नाही, कारण असा व्हॉल्व्ह उघडला की पूर्णच उघडतो. स्केड्यूल ४० (पाइपाच्या जाडीचा वर्ग) मध्ये दीड इंची पाइपाचा आतला व्यास ४०.९ मिमी, २ इंचीचा ५२.५ मिमी. तेवढाच प्रवाह दीड इंचीतून नेला तर सरळ पाइपातलं घर्षण २ इंचीच्या सुमारे साडेतीन पट होतं. शिवाय दोन एल्बो आहेतच.

हे करा: हेडरपासून व्हॉल्व्हपर्यंत कुठेही इनलेटपेक्षा लहान भोक नको. हेडरच्या माथ्यावर ३ इंची आखूड तुकडा सरळ उभा वेल्ड करून व्हॉल्व्हच्या लगेच खाली ३ बाय २ चा रिड्यूसर देता आला तर उत्तम. स्पिंडल (स्प्रिंगमधून जाणारा दांडा) उभाच हवा. हेडरवर ही जागा एल्बो किंवा कंट्रोल व्हॉल्व्हपासून निदान ८-१० व्यास दूर घ्या.

९.५ वर चालणं गरजेचंच असेल तर सेट प्रेशर ११ करता येईल, कारण हेडर १२ चा आहे. पण या व्हॉल्व्हच्या भरवशावर असलेलं प्रत्येक उपकरण तेवढ्याला चालतं का ते आधी तपासा. बसवलेल्या स्प्रिंगच्या रेंजमध्ये ११ येतं का हेही बघावं लागेल. बदल बेंचवर (वर्कशॉपमधल्या चाचणीच्या टेबलावर), नव्या नेमप्लेट आणि नव्या सीलसकट.

पाइप_सपोर्ट

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त आउटलेट राहिलं. बेलोज नसलेल्या व्हॉल्व्हला, १० टक्के ओव्हरप्रेशर (सेटच्या वर चढलेलं प्रेशर) धरून, वाहताना आउटलेटमध्ये तयार होणारं बॅकप्रेशर सेटच्या १० टक्क्यांपर्यंतच चालतं. तुमच्याकडे १ बार. तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उडाले तर कॉमन पाइपात किती होईल, ते मोजलंय का? बॅकप्रेशरनेही हीच खडखड होते. दुसरी गोष्ट, शेजारचा आधीच उडालेला असेल आणि पाइपात १ बार असेल, तर बॉनेट (स्प्रिंगभोवतीचं घर) आउटलेटला जोडलेला असल्यास तुमचा व्हॉल्व्ह १० ऐवजी ११ च्या आसपास उघडेल. वाफ आहे, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र पाइप देऊन छपराच्या वर, माणसं जिथे जात नाहीत तिथे सोडा.

पाइपाचा भार व्हॉल्व्हवर येता कामा नये. व्हॉल्व्हच्या आउटलेटला ड्रिप पॅन एल्बो (तोंडाभोवती पाणी धरणारी थाळी असलेला) लावा, उभा पाइप त्याच्या पॅनमध्ये मोकळा राहू द्या आणि त्याला इमारतीच्या स्टीलवर टेकवा. म्हणजे गरम होऊन पाइप वाढला तरी तो व्हॉल्व्हला ढकलत नाही. पॅनचा निचरा आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचा ड्रेन, दोन्ही उघडे हवेत. बॉडीच्या ड्रेनला प्लग मारलेला फार ठिकाणी दिसतो. तिथे पाणी साठतं, सीट गंजते, आणि व्हॉल्व्ह उडाला की ते पाणी गोळ्यासारखं वर फेकलं जातं.

तुमच्याकडे भार येतोय का हे शटडाउनमध्ये दोन मिनिटांत कळेल. लाइन थंड आणि प्रेशरमुक्त करून आउटलेट फ्लॅंजचे बोल्ट सोडा. दोन फ्लॅंज जागच्या जागी राहिले तर ठीक. ३-४ मिमी बाजूला सरकले किंवा तोंड उघडलं, तर इतके दिवस पाइप व्हॉल्व्हची बॉडी वाकवत होता. वाकलेल्या बॉडीत डिस्क सीटवर सरळ बसत नाही, आणि लॅपिंग (सीट घासून सपाट करणं) कितीही केलं तरी गळणार.

बॉनेट आणि स्प्रिंगवर लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) करू नका. इनलेटचा तुकडा गुंडाळला तर चालेल.

स्टीम_लाइन

सगळ्यांचे आभार. ड्रेनला प्लग आहे, आत्ताच पाहून आलो. इनलेट आणि आउटलेट दोन्ही पुढच्या शटडाउनला बदलतो. तोवर चालू प्रेशर ८.८ वर आणलंय. दोन प्रश्न राहिले. व्हॉल्व्ह दुरुस्तीला जाईल तेव्हा तिथे काय काय करून घ्यायचं? आणि पुढे लाइन चालू असताना काढता यावा म्हणून खाली एक स्टॉप व्हॉल्व्ह टाकला तर?

बेंच_टेस्ट

पहिल्याचं उत्तर देतो.

न पुसता, न उघडता आधी तसाच बेंचवर उडवायला सांगा. हा आकडा दुरुस्तीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण लाइनवर तो खरोखर किती प्रेशरला उघडला असता हे यावरूनच कळतं. पहिल्यांदा ११ ला आणि दुसऱ्यांदा १० ला उडाला, तर तो चिकटला होता असं समजा आणि तपासणीची मुदत कमी करा.

उघडताना आधी ब्लोडाउन रिंगच्या खाचा मोजून लिहून ठेवायच्या. मग लॉकनट सैल करून, फेरे मोजत ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण मागे घ्यायचा, आणि त्यानंतरच बॉनेटचे नट. क्रम उलटा झाला तर दाबलेली स्प्रिंग बॉनेट उडवते. स्क्रू फिरवताना स्पिंडल पक्कडीने धरून ठेवायचा, नाहीतर डिस्क नोझलवर गोल फिरते आणि चांगली सीट तिथेच खरवडली जाते.

लॅपिंग करताना डिस्क आणि नोझल एकमेकांवर कधीच घासायचे नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या सपाट लॅप ब्लॉकवर, आधी जाड आणि मग बारीक कंपाउंडने, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत. दर थोड्या वेळाने ब्लॉक पुसायचा आणि फिरवून घ्यायचा, कारण ब्लॉकला खळगा पडला की तोच खळगा सीटवर उतरतो. तुमच्याकडे खडखड झाली आहे, म्हणून स्पिंडलचा सरळपणा, गाइडची झीज आणि स्प्रिंगवरच्या चिरा मुद्दाम बघायला सांगा.

जोडल्यावर सेट प्रेशर ±३ टक्क्यांत यायला हवं, म्हणजे ९.७ ते १०.३. बेंच थंड हवेवर असेल तर सेट करायचा आकडा नेमप्लेटवरचा सीडीटीपी (कोल्ड डिफरेन्शियल टेस्ट प्रेशर). गरम झाल्यावर स्प्रिंगचा जोर कमी पडतो, त्याची भरपाई त्यात धरलेली असते. छोट्या बेंचवर झटका नीट यावा म्हणून रिंग वर घेतात. ती लिहिलेल्या खाचांवर परत आली का हे विचाराच. वर राहिली तर ब्लोडाउन लांबतो, आणि तुमची बंद न होण्याची तक्रार परत सुरू.

गळतीची चाचणी एपीआय ५२७ या मानकाप्रमाणे सेटच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ९ बारवर. आउटलेट बंद करून त्यातून साधारण ६ मिमी भोकाची नळी काढायची, तिचं तोंड पाण्याखाली १२.७ मिमी ठेवायचं, आणि मिनिटभर थांबून बुडबुडे मोजायचे. धातूच्या सीटला, जी किंवा त्याहून मोठ्या ओरिफिसला (नोझलच्या भोकाचे ठरावीक आकार, अक्षरांनी ओळखतात) मिनिटाला २० पर्यंत चालतात, एफ आणि लहानाला ४०. तुमचा २ बाय ३ आहे, म्हणजे बहुधा २० वालाच.

परत बसवायच्या आधी नवी पाइपलाइन वाफेने फुंकून काढा. वेल्डिंगचा एक कण नव्या सीटचं पहिल्याच उडण्यात नुकसान करतो. फ्लॅंजवरची वाहतुकीची झाकणं काढा, गॅस्केट भोकात डोकावत नाही ना ते बोटाने चाचपा, हायड्रोटेस्टसाठी (पाण्याने दाबचाचणी) गॅग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडू न देणारा स्क्रू, लावला असेल तर तो काढल्याची नोंद करा. व्हॉल्व्ह उभाच न्यायचा, लिव्हरला धरून कधीच उचलायचा नाही. लिव्हर ओढून तपासायचं असेल तेव्हा खाली सेटच्या निदान ७५ टक्के प्रेशर हवं. कमी प्रेशरवर अर्धवट उचलला तर कण धुऊन जात नाही, सीटमध्ये रुततो.

दाबाचं_गणित

स्टॉप व्हॉल्व्हबद्दल. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हखाली तो घालायचाच नाही, तिथे चर्चा नाही. हेडरवर किंवा प्रेशर व्हेसलवर टाकायचा असेल तर नियम आणि इन्स्पेक्टरची मान्यता बघून, आणि हे लक्षात ठेवून: ११ जून २००८ ला ह्यूस्टनमधल्या गुडइयरच्या कारखान्यात अमोनियाचा हीट एक्स्चेंजर फुटला आणि एक कर्मचारी गेली. आदल्या दिवशी रप्चर डिस्क (जास्त दाबाला फुटून वाट देणारी पातळ चकती) बदलण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला होता. डिस्क बदलून झाली, व्हॉल्व्ह उघडायचा राहिला. सकाळी पाइप धुवायला वाफ सोडली, अमोनिया तापला आणि प्रेशरला जायला वाट नव्हती. डिस्क नवी, रिलीफ व्हॉल्व्ह ठीक, पण खालचं चाक बंद.

म्हणून तुमच्यासाठी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मध्ये चेंजओव्हर व्हॉल्व्ह हा मार्ग मला बरा वाटतो. त्यात एक बंद होताना दुसरा आपोआप उघडतो, दोन्ही एकदम बंद होऊच शकत नाहीत. साधा स्टॉप व्हॉल्व्हच घेणार असाल तर पूर्ण भोकाचा, उघडा ठेवून कुलूप लावलेला, किल्ली शिफ्टच्या जबाबदार माणसाकडे आणि नोंद वहीत. गेट व्हॉल्व्ह असेल तर स्पिंडल आडवा किंवा खाली ठेवा, म्हणजे गेट सुटलं तरी पडून वाट बंद करणार नाही. स्टॉप व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये एक छोटा ब्लीड द्या, फ्लॅंज सोडण्याआधी अडकलेली वाफ त्यातून काढायला. आणि तो बंद असेल तेवढा वेळ हेडरला दुसरं पुरेसं संरक्षण हवं, किंवा हेडर बंद.

यांपैकी काहीही टाकलंत तरी त्याचा प्रेशरचा घट वरच्या ०.३ बारमध्येच मोजा. चेंजओव्हर व्हॉल्व्हमधून वाफ वळून जाते, त्यामुळे २ इंची व्हॉल्व्हखाली २ इंची चेंजओव्हर बहुतेक वेळा पुरत नाही.