मेसेज ऐकले तरी दिवा का विझत नाही

वर विचारलंय की अ‍ॅस्टेरिस्कवर (ऑफिसची फोन सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हॉइसमेलचे मेसेज ऐकून झाले तरी रिसेप्शनच्या फोनचा, नवा मेसेज असल्याचं दाखवणारा लाल दिवा तसाच राहतो. आधी एक सांगा, मेसेज ऐकता कुठे? ईमेलला आलेली फाइल उघडून ऐकत असाल तर फोन सिस्टिमला त्याचा पत्ताच नसतो. तिच्या लेखी तो मेसेज अजून नवाच. फोनवरून मेलबॉक्समध्ये शिरून ऐकला तरच तो जुन्यांत जातो आणि दिवा विझतो.

काही जण यावर व्हॉइसमेलच्या सेटिंगमध्ये 'डिलीट=यस' करून मोकळे होतात. ईमेल गेला की सर्व्हरवरची प्रत उडते, दिव्याचा प्रश्नच मिटतो. पण ईमेल स्पॅममध्ये गेला तर? रोगापेक्षा औषध भयंकर.

कुणी स्क्रिप्ट लावून मेसेजच्या फाइली थेट सर्व्हरच्या फोल्डरमधून उडवत असेल, तर सर्व्हरला ते कळत नाही; अशा वेळी व्हॉइसमेलच्या सेटिंगमध्ये 'पोलमेलबॉक्सेस' यस करा. मग सर्व्हर स्वतःच ठरावीक वेळाने मेलबॉक्समध्ये डोकावतो. मूळ सेटिंग 30 सेकंदांचं आहे.

एवढं करूनही जमलं नाही तर सिप ट्रेस (सर्व्हर आणि फोन यांच्यातल्या संदेशांची नोंद) लावा आणि फोनकडे जाणारा नोटिफाय, म्हणजे मेसेज किती आहेत हे कळवणारा संदेश, बघा. त्यात 'व्हॉइस-मेसेज: 0/5' अशी ओळ असते. पहिला आकडा नव्या मेसेजचा, दुसरा जुन्यांचा. पहिला शून्य असून दिवा चालूच असेल तर फोनचं सेटिंग तपासा. शून्य नसेल तर फोनला हात लावू नका, घोळ सर्व्हरवरच आहे. आणि नोटिफाय जातच नसेल, तर त्या एक्स्टेन्शनला मेलबॉक्स जोडलाय का तेवढं बघून इथे टाका.