जगभरचं नाटक शिकायचंय, पण जपानी नोह नाटक बघताना झोप लागते. सुरुवात कुठून करू?

पडद्यामागची
कॉलेजात असताना एकांकिकांना बॅकस्टेज केलंय, प्रॉपर्टी, इस्त्री, चहा सगळं. आता वय ४१, बँकेत नोकरी, आणि डोक्यात आलंय की जगातले नाट्यप्रकार नीट अभ्यासायचे. वहीत यादी केली, ग्रीक, जपानचे नोह आणि काबुकी, बीजिंग ऑपेरा, कथकली, केरळचं संस्कृत नाटक कुडियाट्टम, जर्मन नाटककार ब्रेख्त. पहिल्याच रविवारी नोहचं रेकॉर्डिंग लावलं तर एक माणूस चालतोय चालतोय आणि पोचतच नाहीये. नवरा मागून म्हणाला नेट अडकलंय का. मग मला झोपच लागली. पुस्तकापासून सुरू करू की कोर्स लावू? सांगली-मिरजेकडे असं शिकवणारं कोणी मला तरी माहीत नाही.

ओसाकाकर
ताई झोपेचं मनावर घेऊ नका, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारचे जपानी आजोबा पण छान डुलक्या घेत होते. मी म्हणेन बुनराकुपासून, म्हणजे जपानी बाहुल्यांच्या नाटकापासून सुरू करा. इथे ओसाकात निप्पोनबाशी भागात त्याचं राष्ट्रीय थिएटर आहे, १९८४ पासूनचं. एका बाहुलीला तीन माणसं, मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. पायवाल्याने दहा वर्षं पायच करायचे, मग दहा वर्षं डावा हात, असं म्हणायची पद्धत आहे. सगळ्या पात्रांचे आवाज बाजूला बसलेला एकटा तायू, म्हणजे कथा सांगणारा, काढतो, रडतो काय, ओरडतो काय, घामाघूम होतो. चिकामात्सु या नाटककाराचं १७०३ चं सोनेझाकीवालं नाटक बघा, सोया सॉसच्या दुकानातला नोकर आणि एक वेश्या, शेवटी दोघं एकत्र जीव देतात. फक्त गोष्ट आधी वाचून जा, इथले लोकही तेच करतात.

तिसरी_घंटा
यादी फाडा आधी. सॉरी, पण सात प्रकार एकदम घेतलेत तर दिवाळीपर्यंत सातही सुटतील. मी काय केलं सांगतो, एकच प्रश्न घेतला, पात्र स्टेजवर येतं कसं. बास, बाकी काही बघायचं नाही.

नोहमध्ये मुख्य नट, म्हणजे शिते, आधी आरशाच्या खोलीत बसून मुखवटा चढवतो, आरशात बघत राहतो, मग पडदा वर घ्यायला सांगतो आणि पाच रंगांचा पडदा खालून बांबूने उचलला जातो. पुढे हाशिगाकारी, म्हणजे स्टेजकडे नेणारा पूल. तुमच्या मिस्टरांना नेट अडकल्यासारखं वाटलं ते तिथेच. बऱ्याचदा तो भूत असतो किंवा देव, परलोकातून येतोय, त्याला कसली घाई? टाच उचलायचीच नाही, पाय घासत यायचं. पुलाकडेला पाइनची तीन झाडं असतात ती पण नीट बघा.

काबुकीत उलटं, तिथे हानामिची, म्हणजे नटांचा रस्ता, प्रेक्षकांच्या मधून जातो, नट तुमच्या खांद्याजवळून येतो, मध्येच थांबून डोळे वटारून पोझ घेतो आणि वरच्या मजल्यावरचे दर्दी त्याच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडतात. आपला वन्स मोअर आठवतो, फक्त हे ओरडणं नेमक्या क्षणी जमावं लागतं. कथकलीत दोघं जण पडदा धरून उभे, मागून राक्षस गुरगुरतोय, पडदा हाताने थोडा खाली ओढतो, डोळे दाखवतो, परत लपतो, असं कितीतरी वेळ. हे तिन्ही लागोपाठ बघितलं ना की पुस्तकातलं आपोआप कळायला लागतं.

आणि हो, झेआमी या नोहच्या जुन्या नट-लेखकाने नोहवर सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं ते घराण्यात दडवलेलं, १९०९ ला कुठे छापून आलं. आपल्याकडचे चीज न देणारे उस्ताद आठवले. ते वाचाच, पण वर्षभराने.

पेडण्याचो
सगळे जपान फिरून आले, दशावतार कोणालाच आठवला नाही 😄 आमच्याकडे देवळासमोर एक बाकडं, तेच सिंहासन तेच रथ, संवाद पाठ नाहीत, आख्यान ठरलं की नट उभ्याउभ्या बोलतात. बाईचं काम पुरुषच करतो. काबुकीतले ओन्नागाता, म्हणजे बाईचं काम करणारे पुरुष, बघून आश्चर्य करणाऱ्यांनी एकदा जत्रेला या. पण सरसकट तुलना नको, काबुकी सुरू केलं ओकुनी नावाच्या बाईनेच, १६०३ च्या सुमारास क्योतोत, आणि १६२९ मध्ये सरकारने बायकांना स्टेजवर बंदी घातली. बालगंधर्वांच्या वेळी असा सरकारी हुकूम नव्हता, समाजच पुरेसा होता.

तिसरी_घंटा
@पेडण्याचो मान्य, दशावतारातल्या संकासुर राक्षसाची एंट्री माझ्या प्रश्नात पहिली यायला हवी होती. ब्रेख्तचं राहिलं, तो १९३५ मध्ये मॉस्कोत बीजिंग ऑपेराचा नट मेइ लानफांगचं काम बघून एवढा हलला की चिनी अभिनयावर निबंध लिहिला. म्हणजे यादीतले तुमचे दोन प्रकार एकमेकांना आधीच भेटलेत.

पडद्यामागची
काल परत लावलं, फक्त पुलावरचं. झाडं मुख्य स्टेजपासून लांब जाताना लहान लहान होत जातात!! म्हणजे पूल आहे त्याहून लांब दिसावा म्हणून ना? आमच्या एकांकिकेत रस्ता लांब दाखवायला आम्ही असेच पुठ्ठ्याचे खांब कापलेले, परीक्षकांनी खांब वाकडे म्हणून मार्क कापले होते. आणि पेडण्याचो, जत्रेची तारीख टाका, रात्रभर असतं ना? थर्मास घेऊन येते.