मदत हवी आहे : रेखांकनातील खुली जागा जुन्या चिंचांखाली ठेवता येईल का?

नमस्कार.

मराठवाड्यातील एका महापालिकेच्या वाढीव हद्दीत आम्हा तिघा भावांची १ हेक्टर ६० आर सामाईक जमीन आहे. तेथे निवासी प्लॉट पाडण्यासाठी दाखल केलेला रेखांकनाचा प्रस्ताव नगररचना विभागाकडून त्रुटीपत्रासह परत आला आहे. जागेवरील झाडे मोजून नकाशावर दाखवावीत, खुल्या जागेतील वृक्षलागवडीचा आराखडा जोडावा आणि पावसाचे पाणी कोठे जिरवणार ते दर्शवावे, असे त्यात म्हटले आहे. या त्रुटी रास्तच आहेत. अडचण आमच्याच नकाशात आहे.

शेताच्या मधल्या बांधावर आजोबांनी लावलेली चिंचेची सात झाडे आहेत. वडील सांगत असत त्यावरून प्रत्येकाचे वय साठीच्या पुढे जाते. बांधाच्या टोकाला जुनी विहीर आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात तिनेही तळ दाखवला होता, पण पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा भरली. आमच्या वास्तुविशारदांच्या नकाशात आतला रस्ता नेमका या बांधावरून जातो, विहीर बुजवली जाते, आणि खुली जागा पूर्वेच्या त्रिकोणी कोपऱ्यात, जिथे कोणताही प्लॉट नीट बसत नाही अशा ठिकाणी, दाखवलेली आहे.

२०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टरहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे आमच्या बाबतीत सुमारे १६०० चौरस मीटर. एवढी जागा सोडायचीच आहे, तर ती चिंचांभोवती आणि विहिरीभोवती का सोडू नये, असे मला मनापासून वाटते. मधल्या प्लॉटना चांगला भाव येतो, हे थोरल्या दादांचे म्हणणे खोटे नाही. मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात पन्नास वर्षांवरील झाड हेरिटेज वृक्ष ठरते, आणि तोडण्याची परवानगी मिळालीच तर त्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. सात चिंचांचे वय मांडले तर हा आकडा चारशेच्या पुढे जातो. ती रोपे कोठे लावायची आणि त्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी कोठून घालायचे, या प्रश्नावर दादाही गप्प झाले.

प्रस्ताव परत आलेलाच आहे, तर खुल्या जागेचे ठिकाण या टप्प्यावर बदलता येते का? विहीर न बुजवता पुनर्भरणासाठी दाखवली तर पाणी जिरवण्याची अट पूर्ण झाली असे धरले जाते का? शिवाय रोपवाटिकेतून कोनोकार्पस हा परदेशी शोभेचा वृक्ष सुचवण्यात आला आहे, कारण तो लवकर हिरवा दिसतो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातल्याचे वाचले असल्यामुळे माझे मन धजत नाही.

प्रतिसाद :

नमस्कार. रेखांकनाचे नकाशे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्रुटींची पूर्तता करताना सुधारित नकाशा देता येतो, आणि ठिकाण बदलायचे असेल तर ते आताच बदलावे. प्लॉट विकले गेल्यावर फार अवघड होते. खुल्या जागेला रस्त्यावरून थेट वाट ठेवा आणि तिची रुंदी कोठेही चिंचोळी होऊ देऊ नका. पट्टी लांबट होत असेल तर रस्ता बांधाला समांतर सरकवून पाहा.

विहिरीबाबत अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे, मात्र केवळ 'पुनर्भरण' असा शब्द नकाशावर लिहून भागत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही. पावसात ती फुगते आणि वरचे पाणी वाहून जाते. त्यामुळे शोषखड्डा मुरुमापर्यंत खोदलेला असावा, आणि विहिरीत सोडायचे पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीतून व दगड, खडी, वाळू यांच्या थरांतून जायला हवे. त्याचा छेद नकाशासोबत जोडा. कठडा आणि लोखंडी जाळीही दाखवा, कारण तेथे मुले खेळणार आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भराव टाकताना चिंचांच्या बुंध्याभोवती मुरुम चढू देऊ नका. झाड तोडले नाही तरी मुळे गुदमरून ते दोन-तीन वर्षांत वाळते, आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. कोनोकार्पस टाळा, कडुलिंब, करंज, आपटा आणि बेल पुरेसे आहेत, पहिले तीन उन्हाळे पाणी मिळाले की ते तगतात.

झाडांचा घेर मोजला आहे का?

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. घेर मोजलेला नाही. शनिवारी दादांना सोबत घेऊन सातही झाडे मोजतो आणि बांधाची लांबी-रुंदी येथे लिहितो. रस्ता किती सरकवावा लागेल, हे कृपया पाहून सांगावे.