मदत हवी आहे: कुशिरोला गाडी न घेता क्रौंच दिसतील का? (अर्जंट)

खारदांडा: मंडळी, टोकियोहून होक्काइडोतल्या (उत्तर जपान) कुशिरोला जातोय, दोन रात्री, विमानाची तिकिटं काढून झालीत. ते डोक्यावर लाल टिक्का असलेले तांचो क्रौंच बघायचेत, फोटोत असतात तसे घोळक्याने नाचताना. भाड्याची गाडी लागतेच की बसने भागतं, एवढंच सांगा. आज रात्री ठरवायचंय.

रानवाटा: महिना कुठला?

खारदांडा: ऑगस्ट. पण प्रश्न गाडीचा आहे.

रानवाटा: नाही हो, प्रश्न महिन्याचाच आहे. ते घोळके हिवाळ्यातले, त्सुरुई गावचे. तिथे थंडीत मका टाकतात म्हणून जमतात. उन्हाळ्यात जोड्या पिल्लं घेऊन दलदलीत पांगतात, बोरूतून मान वर आली तर आली. दुर्बीण आहे का?

खादाडखाऊ: कुशिरोचा मासळी बाजार, वाशो मार्केट, चुकवू नका!! आधी भाताचा वाडगा विकत घ्यायचा मग दुकानादुकानातून माशाचा एकेक तुकडा निवडून वर ठेवत जायचं, कात्तेदोन म्हणतात त्याला. मी साल्मनच्या अंड्यांवर इतके पैसे घालवले की रात्री कपातल्या नूडल्स खाल्ल्या.

खारदांडा: आईबाबा शाकाहारी आहेत.

भटक्या_७: आईबाबा पण आहेत?? हे आता सांगताय! गाडीच घ्या. इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून न्या, तिकडे जाऊन काही होत नाही. मी फेब्रुवारीत चालवली, पहाटे त्सुरुईच्या ओतोवा पुलावर उणे वीस, नदीतून वाफा आणि पाण्यात क्रौंच उभे, कॅमेऱ्याची बॅटरी दहा मिनिटांत झोपली.

रानवाटा: फेब्रुवारीचं ऑगस्टला काय उपयोग? आणि संध्याकाळी रस्त्यात हरणं येतात तेही सांगा की. ट्रेनने कुशिरो-शित्सुगेन स्टेशनला उतरा, थोडा चढ चढला की होसोओका या उंचावरच्या जागेवरून दलदलीतल्या नदीची वळणं दिसतात. ट्रेन मोजक्याच, परतीची वेळ आधी बघा.

भटक्या_७: चढ? आईबाबांना?

पाणकावळा: मुळात पक्ष्यांना मका टाकणंच चूक. जंगली पक्षी आहेत का कोंबड्या?

रानवाटा: संपलेच असं धरलं होतं, १९२४ साली हातावर मोजण्याइतके सापडले. पुढे शेतकऱ्यांनी थंडीत मका टाकला म्हणून तर वाचले. शहरात बसून बोलायला सोपं आहे.

सातारी_कंदी: एवढ्या पैशात भिगवणला दहा वेळा फ्लेमिंगो बघून होतील.

खारदांडा: तिकिटं परत होत नाहीत हो. बाबांचं वय ७२, गुडघे दुखतात. गाडी की बस??

रानवाटा: दोन्ही नको. विमानतळाजवळ तांचो उद्यान आहे, कुंपणातले का होईना, बारा महिने दिसतात. टॅक्सीने आधी तिथेच जा, होसोओका जमलं तर बघा. आणि सगळ्यांना स्वेटर. ऑगस्टात समुद्रावरून धुकं येतं, दिवसाही २०-२२ अंश.

खारदांडा: ऑगस्टात स्वेटर?? बॅगा भरून झाल्यात.

नाणेघाट: धागा वर आलाच आहे तर, १००० येनची जुनी नोट आहे का कोणाकडे, मागे दोन क्रौंच असलेली? योग्य किमतीत घेईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.