मदत हवी आहे: जुनी हार्ड डिस्क काढली की नव्या एसएसडीवरून विंडोज सुरू होत नाही

गिरगावकर:
डेस्कटॉप, विंडोज १०. जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर सी ड्राइव्ह २०० जीबीचा होता. लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीची सॅटा एसएसडी आणली आणि क्लोनिंग (हुबेहूब नक्कल करणाऱ्या) सॉफ्टवेअरने सी तिच्यावर घेतला. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की मशीन झटकन सुरू होतं आणि सी एसएसडीवरच दिसतो. हार्ड डिस्कची केबल काढली की काळा पडदा आणि 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या प्रोग्रामला) एसएसडी दिसते, पण बूटच्या यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' गायब. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवून झालं. विंडोज नव्याने टाकलं तर टॅलीपासून सगळं परत बसवावं लागेल, ते टाळायचं आहे.

बोरिवली फास्ट:
नव्याने टाकायची अजिबात गरज नाही. तुम्ही सी आणलात, पण बूटच्या फाइल्स सी मध्ये नसतात. त्या साधारण १०० एमबीच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनवर (डिस्कच्या कप्प्यावर) असतात आणि ते जुन्या डिस्कवरच राहिलं. म्हणून दोन्ही जोडल्या की चालतं.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा. हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही पुसलं जाणार नाही. बूट मेनूत पेनड्राइव्हची 'यूईएफआय' (बूटची नवी पद्धत) लिहिलेली नोंद निवडा. भाषेचा पडदा आला की शिफ्ट+एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा आणि तिथे 'डिस्कपार्ट' (डिस्कचे कप्पे हाताळणारी कमांड) आणि 'लिस्ट डिस्क' द्या. सुमारे ४६५ जीबी दिसते ती तुमची एसएसडी. तिच्यापुढे जीपीटीच्या (यूईएफआयला लागणारी कप्प्यांच्या नोंदीची पद्धत) रकान्यात चांदणी (*) हवी. नसेल तर इथेच थांबा आणि कळवा, तो रस्ता वेगळा आहे.

चांदणी असेल तर 'लिस्ट व्हॉल्यूम'. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरं बदलतात, तुमचा सी तिथे डी असू शकतो. २०० जीबीच्या आकारावरून ओळखा आणि अक्षर टिपून ठेवा. तो सिलेक्ट करून आधी 'एक्स्टेंड' (सगळ्या मोकळ्या जागेत वाढवा), मग 'श्रिंक डिझायर्ड=३००' (टोकाला ३०० एमबी मोकळे करा). हा उलटसुलट प्रकार मुद्दाम आहे. थेट मोकळ्या जागेत ईएफआय केलं तर ते सी ला चिकटून बसतं आणि पुढे सी वाढवताच येत नाही. असं केलं की ते डिस्कच्या टोकाला जातं.

मग एसएसडी सिलेक्ट करून ओळीने: 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०', 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२', 'असाइन लेटर=एस', 'एक्झिट'. शेवटी बीसीडीबूट (बूटच्या फाइल्स नव्याने घालणारी कमांड), पुढे टिपलेल्या अक्षरासह विंडोज फोल्डरचा पत्ता, पुढे '/एस एस: /एफ यूईएफआय'.

'बूटरेक' या बूट दुरुस्तीच्या कमांडच्या मागे लागू नका. 'फिक्सएमबीआर' जुन्या पद्धतीच्या बूटसाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही. 'फिक्सबूट' बहुतेकदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी घ्या.

गिरगावकर:
चांदणी आहे, बिटलॉकर बंद. बीसीडीबूटला 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स' येतंय. विंडोजचं अक्षर डी निघालं, तेच दिलं होतं.

माहीमची खाडी:
परत 'लिस्ट व्हॉल्यूम' करा आणि एस समोर फाइल सिस्टिमच्या रकान्यात काय आहे ते बघा. 'रॉ' (फॉरमॅट न झालेलं) असेल तर फॉरमॅटची ओळ सुटली, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) असेल तर फॅट३२ लिहायचं राहिलं. एस सिलेक्ट करून फॉरमॅटची ओळ द्या आणि बीसीडीबूट पुन्हा चालवा. एस च्या जागी दुसरं काही सिलेक्ट होऊ देऊ नका. २६० एमबीचा आकडा बघूनच एंटर दाबा.

गिरगावकर:
रॉ होतं! फॉरमॅट केल्यावर 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं. हार्ड डिस्कशिवाय सुरू झालं. मनापासून आभार. आता ती डेटासाठी परत लावू का?

बोरिवली फास्ट:
लावा, पण बायोसमध्ये एसएसडीचा 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा, नाहीतर जुन्या ईएफआयवरून सुरू व्हायला लागेल. आठवडाभर नीट चाललं की डेटा दुसरीकडे घ्या आणि डिस्कपार्टमध्ये जुनी डिस्क सिलेक्ट करून 'क्लीन' द्या. डिस्क मॅनेजमेंटमधून ते ईएफआय पार्टिशन पुसता येत नाही. 'क्लीन' आधी विचारत नाही, म्हणून डिस्कचा नंबर आणि आकार दोन्ही तपासा.